वॉशिंग्टन यांच्या व्यक्तिचित्रात रोमन खांब कशासाठी?

चित्रकला शिक्षिका, सातारा
गिल्बर्ट स्टुअर्ट यांनी १७९६ मध्ये रंगवलेले जॉर्ज वॉशिंग्टन यांचे 'लॅन्सडाउन' नावाचे पूर्णाकृती व्यक्तिचित्र मी नववीच्या वर्गात दाखवले, तेव्हा एका मुलीने विचारले, की अंगावर त्या काळचा साधा काळा मखमली पोशाख असताना मागे रोमन धाटणीचे खांब आणि लाल पडदा कशासाठी, आणि ओठ इतके आवळलेले का? माझ्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही. जाणकारांनी खुलासा करावा.

मिरजकर
ओठांचे कारण अगदी घरगुती आहे: वॉशिंग्टन यांनी तेव्हा नुकतीच नवी कवळी बसवून घेतली होती, आणि तोंडाभोवतीचा ताण तिच्यामुळेच आला असे खुद्द स्टुअर्ट यांनी सांगून ठेवले आहे. खांबांपेक्षा टेबलाचा पाय पाहावा. तो म्हणजे काठ्यांची बांधलेली मोळी असून तिच्यावर गरुड आहेत. रोममध्ये अधिकाऱ्यापुढे अशी मोळी घेऊन सेवक चालत. ज्या देशाने राजाच नाकारला, त्याच्या अध्यक्षाच्या चित्रात मुकुट आणि राजदंड चालणार नव्हते, म्हणून सत्तेच्या खुणा रोमन प्रजासत्ताकाकडून उसन्या घेतल्या गेल्या. शिवाय हे चित्र लॉर्ड लॅन्सडाउन या इंग्लंडच्या माजी पंतप्रधानांना भेट म्हणून जायचे होते, तेव्हा युरोपातील दरबारी चित्रांच्या पंक्तीत ते उणे दिसून चालणार नव्हते.

वाईकर
मिरजकरांशी सहमत आहे, मात्र पोशाखाचा मुद्दा राहिला. ऊदों या फ्रेंच शिल्पकाराने १७८५ मध्ये माउंट व्हर्नन येथे जाऊन वॉशिंग्टन यांच्या चेहऱ्याचा साचा घेतला आणि पुतळा घडवला तो त्यांच्या काळच्या पोशाखातच. रोम उरला तो शेजारच्या तेरा काठ्यांच्या मोळीत. उलट होरेशिओ ग्रीनो यांनी त्यांना झ्यूस या ग्रीक देवासारखे कमरेपर्यंत उघडे बसवले, आणि १८४१ मध्ये तो पुतळा राजधानीत पोहोचताच लोकांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. (आमच्या मेणवलीच्या नाना फडणवीसांना जेम्स वेल्स यांनी पुण्यात रंगवले ते स्टुअर्ट यांच्या चित्राच्याच दशकात, तेही त्यांच्या नेहमीच्या वेषात. नानांना रोमन झगा घालण्याची कल्पनाही करवत नाही!)

चित्रकला शिक्षिका, सातारा
आपणा दोघांची आभारी आहे. टेबलाच्या पायाकडे माझे लक्षच गेले नव्हते. सोमवारी तेवढाच भाग मोठा करून वर्गात दाखवते.