मदत हवी आहे: सकाळच्या रेडिओ बातम्या दिवसभर डोक्यातून जात नाहीत

नमस्कार मंडळी,

सकाळी रेडिओवर बातम्या ऐकायची सवय जुनी आहे आणि ती मला सोडायची नाही. 'मग ऐकू नकोस' हा सल्ला घरच्यांनी देऊन झालाय, तेव्हा तो सोडून बोला.

पेपरात नको ती बातमी दिसली की पान उलटता येतं. रेडिओवर तशी सोय नाही. निवेदिका एका लयीत वाचत जाते, हल्ल्यात इतके ठार, पुरात इतके बेपत्ता, मग अर्धा श्वास आणि "आता हवामान". मेलेल्यांचा आकडा नीट कानात शिरायच्या आत कमाल तापमान सुरू! तिचा दोष नाही, बातमीपत्र वेळेतच संपवावं लागतं. पण मी तिथेच अडकते. रेडिओशी मोठ्याने भांडते, ते भांडण आंघोळीतही चालू राहतं.

उपाय म्हणून वही केली. रोज ऐकून झालं की मनात आलं ते लिहायचं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ चा प्रयोग वाचला होता. त्यात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं स्वतःच्या आघातांबद्दल लिहिलं आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांचं डॉक्टरकडे जाणं कमी झालं. पण तिथे दुःख स्वतःचं होतं. इथे दुःख परक्याचं, शिवाय रोज नवं.

मग ब्रॅड बुशमन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाचा २००२ चा प्रयोग वाचनात आला आणि गोंधळ वाढला. ज्याने राग आणला त्याला डोळ्यांसमोर आणून बॉक्सिंगच्या बॅगेवर ठोसे मारणाऱ्यांचा राग, गप्प बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाला! आता माझी वही पेनेबेकरांची की बुशमनची बॅग, हेच कळेना. पानं चाळली तर सगळीकडे तोच संताप, फक्त बातमी वेगळी.

तुमच्यापैकी कोणी असं लिहितं का? बातमी लिहिता, की आपल्याला काय झालं ते? आणि थांबता कधी?

प्रतिसाद:
ताई, मी दोनच ओळी लिहितो. एकीत बातमी, दुसरीत 'मी काय करू शकतो'. मदतनिधी, रक्तदान, लोकप्रतिनिधीला पत्र, जे असेल ते. काहीच नसेल तर 'काही नाही' लिहून वही बंद. 'काही नाही' लिहिणं सुरुवातीला फार जड गेलं, खोटं कशाला सांगू.

प्रतिसाद:
अवांतर: १८ एप्रिल १९३० ला बीबीसीच्या निवेदकाने 'आज बातमी नाही' असं सांगितलं आणि उरलेल्या वेळात पियानोचं संगीत लावलं गेलं. ताईंना हेच केंद्र लावून द्या कोणीतरी!

धागाकर्ती:
पियानोवाल्यांना दंडवत. दादा, दोन ओळींचं उद्यापासून करून बघते. एकच शंका, 'काही नाही' लिहिल्यावर ती बातमी खरंच सुटते का, की दुपारी परत येते?