मदत हवी आहे: पुणे–भोर–वाई–महाबळेश्वर–सातारा सायकलवर, कोणता घाट चढावा आणि कोणता उतरावा?

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि बायको चार दिवसांची सुट्टी काढून सायकलवर निघतोय. कच्चा आराखडा असा: पुणे, कापूरहोळ, भोर, मांढरदेवी, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मग केळघर घाटाने मेढा आणि सातारा. साताऱ्याहून परत कसं यायचं ते ठरलेलं नाही. यातले तुकडे मी सुटे सुटे केलेत. तिची मात्र मुक्कामाची ही पहिलीच राईड.

इथे घाटांबद्दल बहुतेक प्रश्न चढाचे असतात. माझा प्रश्न उताराचा आहे, आणि तो का, ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही गाडीत सायकली टाकून पाचगणीला गेलो होतो. परतताना पसरणी घाट सायकलने उतरायचा आणि वाईत भेळ खायची असं ठरलं. सकाळचे नऊ वाजले होते. पर्यटकांच्या गाड्या वर यायला लागलेल्या, त्यामुळे मीच तिला मागून सारखा ओरडत होतो, "हळू, ब्रेक धर, धरून ठेव." तिनं धरून ठेवले. घाट निम्म्याहून जास्त उतरून झाल्यावर एका डाव्या वळणाच्या तोंडाशी फटाका फुटावा तसा आवाज झाला. मागची ट्यूब फुटली, टायर रिमवरून निसटला आणि ती कठड्याच्या अलीकडे आडवी झाली. कोपर आणि गुडघा सोलला, हेल्मेटला चीर गेली. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकानं बस आडवी लावून वाहतूक थांबवली, कंडक्टरनं पाण्याची बाटली आणून दिली. चाक काढायला मी रिमला हात लावला आणि बोट भाजलं. दुसऱ्या दिवशी तिथे टचटचीत फोड आला होता. रिम इतकी तापते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ती महिन्याभरात पुन्हा सायकलवर बसली. हा बेतही तिचाच. माझ्या मनातून मात्र तो आवाज अजून जात नाही.

आता सायकलींचं. दोन्ही रोड बाईक, दोन्हींना रिम ब्रेक (चाकाची रिमच दोन्ही बाजूंनी दाबणारे), ॲल्युमिनियमच्या रिम. पुढे ५०/३४ दातांच्या चकत्या. माझी मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) ११-३२, तिची ११-२८. टायर २५ मिमीचे, २८ चे बसतात हे तपासलंय. सामान प्रत्येकी चार-पाच किलो, सीटमागच्या बॅगेत. सपाटीवर आमच्या दोनशे किमीच्या दोन बीआरएम (ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) मुदतीत झाल्यात, म्हणजे दमाची काळजी नाही.

विचारायचंय ते हे:

मांढरदेवी भोरकडून चढून वाईकडे उतरणं बरं, की उलट? पूर्ण वर्तुळच उलटं फिरवलं तर पसरणी पुन्हा उतरावा लागेल. मला तो टाळायचाय, पण निव्वळ भीतीपोटी चुकीचा रस्ता निवडत नाहीये ना? केळघर घाट रिम ब्रेकवर कसा वाटतो? तिच्या सायकलला मोठी कॅसेट बसवावी का? आणि साताऱ्याहून पुण्याला हायवे सोडून यायला रस्ता आहे का? खंबाटकीच्या बोगद्यातून आणि पुढच्या त्या वळणावरून सायकल चालवायची आमची तयारी नाही.

प्रतिसाद १

दादा, मी वाईचाच. तुम्ही ठरवलेली दिशाच बरोबर आहे, आणि भीती हे त्याचं कारण नाही.

मांढरदेवीची भोरकडची बाजू उत्तरेला आहे. नोव्हेंबरात सकाळी तिथे सावली असते, चढायला सुख. वाईकडची बाजू दक्षिणेची, उघडी. दुपारी त्या बाजूने चढलात तर जीव नको होतो. उतरताना समोर पांडवगड दिसायला लागला की वाई आलीच म्हणून लोक वेग सोडतात. तिथेच सांभाळा, वळणं संपलेली नसतात. मंगळवार आणि शुक्रवार काळूबाईचे वार, अमावास्या-पौर्णिमेलाही गर्दी. ते दिवस चुकवा.

वाईत एक दिवस जास्तीचा काढा. सकाळी कृष्णेकाठाने मेणवली आणि धोमला जा, रस्ता सोपा आहे. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, आणि वसईच्या मोहिमेनंतर तिथून आणलेली मोठी घंटा. धोमला नृसिंहाचं देऊळ आहे, आणि कमळाच्या आकाराच्या कुंडात बसवलेला नंदी. पाय मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी पसरणी हलका जातो.

पसरणी तसा अंगावर येणारा चढ नाहीच. वाई सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या जवळ, मध्ये बारा-तेरा किमी. सरासरी साडेचार टक्के पडते. फक्त सहाला सुरुवात करा आणि शनिवार-रविवार नको. पाचगणीहून पुढे भिलार फाट्याला आत वळा, पुस्तकांचं गाव २०१७ पासून तिथे आहे. घराघरांत कपाटं लावलीत, बसून वाचता येतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: तेव्हा गाळप हंगाम चालू असेल. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर वाईपासून साताऱ्यापर्यंत भेटतील. मागची ट्रॉली वळणावर आत ओढते. तिच्या बाजूने कधीही पुढे काढायचं नाही. रस्त्यावर पडलेला ऊस चाकाखाली आला तर सायकल सरकते.

प्रतिसाद २

ट्यूब का फुटली ते समजून घेतलंत तर भीती निम्मी होईल.

माणूस, सायकल, सामान मिळून ८० किलो धरा. पसरणीत पावणेसहाशे मीटर उतरायचं म्हणजे साधारण साडेचार लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्या उष्णतेवर दीड लिटर पाण्याला जवळजवळ उकळी येईल. वेगात उतरलं तर यातला मोठा वाटा वाऱ्याच्या विरोधात खर्च होतो. हळू उतरत ब्रेक सतत धरून ठेवले तर वारा काहीच घेत नाही आणि जवळपास सगळी उष्णता रिममध्ये शिरते. ट्यूबमधली हवा तापते, दाब वाढतो, आणि रिम टेप (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकलेली किंवा टायरची कड नीट बसलेली नसेल तर तिथून फुटतं.

म्हणून सरळ पट्ट्यात सायकलला थोडं पळू द्यायचं, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडायचा, वळणात सोडून द्यायचे. रिमला निवायला तेवढाच वेळ मिळतो. रहदारीमुळे हळूच उतरावं लागलं तर दर तीन-चार किमीला थांबा. हात दांड्याच्या खालच्या वळणावर ठेवा, तिथून ब्रेकवर पकड चांगली येते. २८ चे टायर जरूर घाला आणि हवा कमाल आकड्यापर्यंत ठासू नका. रिम टेप आणि ब्रेक पॅड नवे, हे निघायच्या आधीच.

केळघर पसरणीपेक्षा अरुंद आहे, वळणं जास्त आखूड आहेत. उन्हं वर आल्यावर उतरा. सकाळी दव असतं, आणि झाडीतला ओला रस्ता रिम ब्रेकला अजिबात चालत नाही.

कॅसेटचं म्हणाल तर ३४/२८ वर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरहून थोडी जास्त जाते, ३४/३४ वर दोन मीटर आणि थोडं. सामान घेऊन चौथ्या दिवशी हा फरक गुडघ्यांना कळतो. पण आधी मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन हलवणाऱ्या भागाचा) पिंजरा बघा. आखूड पिंजऱ्याला बहुधा २८ किंवा ३० हीच मर्यादा असते. मोठी कॅसेट बसली तर चेनही लांब लागेल.

प्रतिसाद ३

परतीला हायवे नकोच. साताऱ्याहून वाठार स्टेशन, सालपे घाट, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट, हडपसर. लोणंदपासून पुढे माउलींच्या पालखीचा रस्ता उलट्या दिशेने. अंतर हायवेपेक्षा जास्त, तेव्हा जेजुरीला मुक्काम करा. दमलात तर साताऱ्याहून रेल्वे आहेच. सायकल लगेज म्हणून बुक होते, तासभर आधी पोहोचा. स्टेशन गावापासून लांब आहे.

आणखी एक, मी स्वतः बाई आहे म्हणून सांगते. उतारावर वहिनींना पुढे जाऊ द्या आणि मागून सूचना देऊ नका. वेग ज्याचा त्यानं ठरवायचा असतो. मागून "ब्रेक धर" ऐकू आलं की हात आपोआप आवळतो, आणि वळणाकडे असलेलं लक्ष मागे जातं. थांबायच्या जागा आधी ठरवा, तिथे भेटा.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. तिसरा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं." सांगितलं होतं, खरं आहे. त्या दिवशी मी गप्प राहिलो असतो तर तिनं ब्रेक इतके धरलेच नसते, हे मला दुसरा प्रतिसाद वाचताना उमगलं.

तर दिशा हीच ठेवतोय. सोमवारी निघून भोरला मुक्काम, म्हणजे मंगळवारी मांढरदेवी येईल, ते नको. म्हणून मंगळवारी निघतो, बुधवारी मांढरदेवी. एक दिवस वाईत जास्तीचा काढायला सुट्टी वाढवून मागितलीय. तिच्या डिरेलरचा पिंजरा आखूड निघाला, त्यामुळे ११-३० बसवतोय. रिम टेप काढली तर मागच्या चाकाची एका बाजूला सरकलेली होती, स्पोकच्या दोन भोकांच्या कडा उघड्या पडलेल्या. दोन्ही सायकलींच्या टेप बदलल्या.

वाईकर दादा, एकच राहिलं: मांढरदेवी उतरताना आम्ही एकमेकांना भेटायला थांबू अशा, वळणापासून लांब आणि सावलीच्या दोन जागा सांगाल का? पहिल्या जागी ती आधी पोहोचलेली असेल.