मदत हवी आहे : तांब्याच्या लाइनवर संध्याकाळी तुटणारे ब्रॉडबँड आणि राउटरमधील एसएनआर मार्जिन

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात, एक्स्चेंजपासून साधारण तीन किलोमीटरवरच्या एका वाडीत आमचे घर आहे. फायबर तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले असले तरी आमच्याकडे अजून खांबांवरून येणारी तांब्याची जोडी आणि तिच्यावरचे एडीएसएल २+ (टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देणारे तंत्र) हेच चालते. दरीमुळे मोबाइलचे नेटवर्क अंगणाच्या एका कोपऱ्यातच मिळते, त्यामुळे या लाइनीला सध्या पर्याय नाही. माझे काम घरून चालते, बैठका संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत असतात आणि लाइन नेमकी त्याच वेळेत तुटते. वेगाबद्दल माझी तक्रार नाही. चार एमबीपीएस मिळाले तरी माझे भागते, पण ते अखंड मिळायला हवेत.

राउटरच्या स्थितिदर्शक पानावरचे आकडे असे आहेत. दुपारी डाउनस्ट्रीम (एक्स्चेंजकडून घराकडे येणाऱ्या दिशेचे) सिंक, म्हणजे जोडणी जुळताना ठरलेला वेग, ८.२ एमबीपीएस, मार्जिन (गोंगाट सोसण्याची शिल्लक) ६ डेसिबल आणि अॅटेन्युएशन (तारेत होणारी संकेताची घट) ३९ डेसिबल असते; अपस्ट्रीम (घराकडून जाणाऱ्या दिशेचे) ०.९ एमबीपीएस आणि मार्जिन ११ डेसिबल. सूर्यास्तानंतर डाउनस्ट्रीमचे मार्जिन हळूहळू दीड डेसिबलपर्यंत उतरते, सीआरसी त्रुटी (तपासणीत चुकीचे ठरलेले डेटाचे तुकडे) भराभर वाढू लागतात आणि शेवटी जोडणी तुटते. पुन्हा सिंक होते तेव्हा वेग ६.५ एमबीपीएस आणि मार्जिन परत ६ डेसिबल असते, आणि मग रात्रभर काहीही होत नाही. अपस्ट्रीमचे मार्जिन मात्र या सगळ्या काळात ११ वरून हलत नाही.

या शेवटच्या गोष्टीमुळे मला खराब जॉइंटचा संशय कमी वाटतो. जॉइंट गंजलेला असता तर फोनवर खरखर ऐकू आली असती आणि त्रास बहुधा दोन्ही दिशांना जाणवला असता. तरीही लाइनमनकडून डीपीवरची (तारांच्या वितरण पेटीतली) जोडणी नव्याने करून घेतली आहे, घरातील जुने एक्स्टेन्शन काढून टाकले आहे, आणि स्प्लिटर (फोन आणि इंटरनेटचे संकेत वेगळे करणारी डबी) वगळून राउटर थेट रोझेटला (भिंतीवरच्या फोनच्या डबीला) लावूनही पाहिला आहे. फरक पडला नाही. माझा तर्क असा आहे की हा रेडिओचा उपद्रव असावा. एडीएसएल २+ चे डाउनस्ट्रीम सुमारे १३८ किलोहर्ट्झपासून २.२ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेले असते आणि ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ हा मध्यमलहरींचा संपूर्ण पट्टा त्याच्या आत येतो. दिवसा या लहरी आयनांबराच्या खालच्या थरात शोषल्या जातात, अंधार पडला की तो थर विरतो, दूरदूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात आणि खांबांवरची आमची तार त्यांना आयतीच अँटेना मिळते. अपस्ट्रीम १३८ किलोहर्ट्झच्या खाली असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही.

मार्जिनबद्दल माझी समज थोडक्यात अशी आहे. ठरलेल्या वेगाला, दहा दशलक्ष बिटांमागे एक चूक एवढ्या मर्यादेत राहण्यासाठी जितके संकेत-गोंगाट गुणोत्तर (एसएनआर) लागते, त्याहून जास्त जे शिल्लक असते ते मार्जिन. सिंकच्या वेळी मोडेम ठरावीक मार्जिन राखून उरलेल्या सगळ्या क्षमतेचा वेग करून टाकतो. माझ्या लाइनवर ते ६ डेसिबल आहे आणि संध्याकाळची घसरण त्यातले बहुतेक खाऊन टाकते. माझ्या टीपी-लिंक राउटरमध्ये ब्रॉडकॉमची चिप आहे आणि टेलनेटमधून (राउटरला आज्ञा टाइप करून देण्याच्या सोयीतून) एडीएसएल कॉन्फिगरच्या आज्ञेला एसएनआरची शेकडेवारी जोडता येते, म्हणजे १०० हे मूळ लक्ष्य आणि १५० दिल्यास दीडपट. इंटरनेटवर सापडणारे सल्ले बहुतेक उलट्या दिशेचे आहेत. लोक हा आकडा ५० वर आणून वेग वाढवतात आणि लाइन तुटू लागली की कंपनीला दोष देतात. मला तो वाढवायचा आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे की अशा लाइनवर ९ डेसिबल पुरेसे होतील की १२ ठेवावेत, त्यासाठी किती वेग सोडावा लागेल, आणि हे राउटरमधून करण्याऐवजी एक्स्चेंजकडून प्रोफाइल (तिथे लाइनसाठी ठरवलेली मांडणी) बदलून घेणे अधिक योग्य आहे का. सीमलेस रेट अॅडॅप्टेशन (जोडणी न तोडता वेग बदलण्याची सोय) राउटरमध्ये चालू केले होते, परंतु समोरच्या बाजूला ते बंद असावे, कारण परिणाम शून्य आहे. एक गोष्ट सांगायची राहिली : आमच्याकडे दुपारी वीज हमखास थोड्या वेळासाठी जाते आणि राउटरला इन्व्हर्टरची जोडणी नाही.

उत्तर

तुमचा शेवटचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी तुटल्यानंतर जे ६.५ चे सिंक मिळते, ते गोंगाटाच्या वेळी जुळलेले असल्यामुळे रात्रभर टिकते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सिंकवर तुम्हाला १० ते ११ डेसिबल मार्जिन दिसत असणार. दुपारी वीज गेली नसती तर तेच सिंक पुढच्या संध्याकाळीही टिकले असते. वीज जाते, राउटर शांत वेळेत नव्याने सिंक करतो, ८.२ चा मोह धरतो आणि संध्याकाळी त्याची किंमत मोजतो. म्हणून राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस आधी लावा. मात्र अॅडॅप्टरवरील व्होल्टेज, अँपिअर आणि पिनची ध्रुवता जुळते की नाही ते तपासून घ्या.

वेगाचा हिशोब सोपा आहे. एका टोनवर (पट्ट्याच्या छोट्या उपवाहिनीवर) एक बिट अधिक ठेवायचा तर सुमारे ३ डेसिबल लागतात आणि प्रत्येक टोनवर सेकंदाला ४००० सिम्बॉल (बिटांचे गट) जातात. तुमच्या अंतरावर २८० च्या आसपास टोन कामाचे धरले तर प्रत्येक ३ डेसिबलमागे साधारण १.१ एमबीपीएस जातील. घसरण साडेचार डेसिबलची आहे, त्यामुळे ९ वर सिंक केल्यास वाईट क्षणी साडेचार उरतील, जे चालण्यासारखे आहे. १२ ची गरज मला दिसत नाही; पावसाळ्यात लागलीच तर तेव्हा पाहावे.

राउटरमधला बदल फक्त डाउनस्ट्रीमला लागू होतो, कारण कोणत्या टोनवर किती बिट ठेवायचे हे संकेत घेणारी बाजू ठरवते. अपस्ट्रीमचा निर्णय एक्स्चेंजमधील डीएसलॅमचा (ग्राहकांच्या लाइनी जोडलेल्या यंत्राचा) असतो. शिवाय बहुतेक राउटरांमध्ये टेलनेटने दिलेली आज्ञा पुनःसुरुवातीनंतर पुसली जाते. म्हणून प्रोफाइलमध्ये लक्ष्य मार्जिन ९ करून आणि इंटरलीव्हिंग (सलग चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून डेटा विखरून पाठवणे) चालू करून मागणे हाच कायमचा मार्ग. इंटरलीव्हिंगमुळे पिंग काही मिलिसेकंदांनी वाढेल, बैठकांना त्याचा त्रास होत नाही.

रेडिओचा तर्क पटतो, पण संध्याकाळी घराघरांत एलईडी दिवे आणि इन्व्हर्टरचे चार्जरही चालू होतात. त्यांतला एखादा हलक्या प्रतीचा पुरवठा याच पट्ट्यात गोंगाट ओकू शकतो. सेलवर चालणारा मध्यमलहरींचा रेडिओ, केंद्र नसलेल्या जागी लावून, संध्याकाळी घरात आणि खांबाखाली फिरवून पाहा. एखाद्या दिव्याजवळ घरघर वाढली तर तो दिवा बंद करून मार्जिन पुन्हा वाचा.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सविस्तर उत्तराबद्दल आभार. विजेचा आणि सिंकचा असा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता. टेलनेटमधून १५० दिल्यावर सिंक ७.१ एमबीपीएस आणि मार्जिन ९ झाले. संध्याकाळी ते साडेचारपर्यंत उतरले आणि बैठक पूर्ण होईपर्यंत लाइन टिकली. रेडिओ घेऊन फिरलो तेव्हा ओटीवरच्या दिव्याजवळ घरघर स्पष्ट ऐकू आली. तो बंद केल्यावर मार्जिन सुमारे एका डेसिबलने सुधारले, म्हणजे उपद्रवाचा मोठा भाग बाहेरूनच येतो असे दिसते. डीसी यूपीएस मागवला आहे आणि प्रोफाइलसाठी एक्स्चेंजकडे लेखी अर्ज दिला आहे. आता एवढेच विचारायचे आहे की अर्ज मान्य होऊन समोरून लक्ष्य ९ झाले, तर राउटरमधली शेकडेवारी मी परत १०० वर आणली पाहिजे ना? तसे न केल्यास दीडपट हिशोबाने लक्ष्य साडेतेरा डेसिबलवर जाईल आणि वेग विनाकारण कमी होईल, असे मला वाटते.