मदत हवी आहे : कामाची रोजनिशी आणि सहकाऱ्यांचा स्पष्ट अभिप्राय

नमस्कार. म्हापशात माझे करविषयक कामांचे छोटे कार्यालय असून हाताखाली दोन सहकारी आहेत. जीएसटीचे विक्रीचे मासिक विवरणपत्र ११ तारखेपर्यंत आणि ३-बी हे कर भरण्याचे गोषवारा विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरावे लागत असल्यामुळे मधले दिवस कायम ओढाताणीचे जातात. ही ओढाताण कमी व्हावी म्हणून संध्याकाळी कार्यालय बंद करण्यापूर्वी, सकाळी धरलेला अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ असे दोन रकाने मी वहीत भरतो.

त्यावरून एवढे उघड झाले की सर्वाधिक वेळ बिले जुळवण्यात जातो. किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहाची खरेदीची बिले पिशवीत कोंबलेली येतात आणि त्यांतली थर्मल कागदावरची इतकी पुसट झालेली असतात की आकडा वाचण्यासाठी कागद खिडकीशी धरावा लागतो. शुक्रवारी बाजाराला आलेले अशील जाता जाता डोकावतात, तो दिवस तर हिशेबात धरूच नये. अंदाज चुकण्याचे मला विशेष वाटत नाही. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी सरासरी सुमारे ३४ दिवस धरले होते, लागले ५५ हून अधिक.

अडचण अशी की वहीत फक्त मला दिसते तेवढेच उतरते, आणि सहकाऱ्यांना विचारले तर ‘सगळे बरे चालले आहे’ यापलीकडे उत्तर येत नाही. पगार देणाऱ्याला ते आणखी काय सांगणार! शिवाय अभिप्रायाने काम सुधारतेच असे नाही. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये आधीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी खालावलेली आढळली. लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की असे घडते, हे त्यांचे स्पष्टीकरण. म्हणून ‘माझे काय चुकते?’ असे न विचारता ‘या फाईलमध्ये तुम्हाला माझ्यासाठी कुठे थांबावे लागले?’ असे विचारावे, असा विचार आहे.

लहान कार्यालयात ज्यांनी हे केले आहे, त्यांनी कृपया सांगावे की हा प्रश्न रोज तोंडी विचारावा, की २० तारीख उलटल्यावर लेखी उत्तर घ्यावे? निनावी चिठ्ठीचा उपयोग नाही, दोघांचेही अक्षर मला पाठ आहे. वही त्यांच्यासाठी खुली ठेवावी का, याबद्दलही मत हवे आहे. तशी ठेवली तर मी ती त्यांना दाखवण्यापुरतीच लिहू लागेन, अशी धास्ती वाटते.