बाळंतपणानंतर व्हायरल लोड वाढला म्हणजे औषध निकामी झालं, असं नव्हे

एचआयव्ही असलेल्या एका बाईचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात सापडतच नव्हता आणि बाळंतपणानंतर अडीच महिन्यांनी २,४०० आला, म्हणून तिला कुणीतरी गोळी बदलायचा सल्ला दिलाय. घाई नको. आधी उरलेल्या गोळ्या मोजा, मधे खंड पडला का ते कळेल.

पुण्यातली बाई माहेरी, बीड-सोलापूरकडे गेली की डबी संपते आणि एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) इथेच राहतं. घरात माणसांचा राबता, त्यात गोळी लपवून घ्यायची. सलग दोन-चार आठवडे खंड पडला तरी लोड उसळतो. निघण्यापूर्वीच सेंटरला सांगून जादा महिन्यांचा साठा घ्यावा, किंवा माहेरजवळच्या केंद्रातून औषध मिळण्याची सोय करून घ्यावी.

दुसरं कारण सहसा कुणी विचारतच नाही: लोह आणि कॅल्शियम. बाळंतिणीला या दोन्ही गोळ्या सहा महिने चालतात. रिकाम्या पोटी टीएलडीसोबत (एचआयव्हीची रोजची गोळी, तीन औषधं एकत्र) घेतल्या तर तिच्यातलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध त्यांना चिकटतं आणि अंगी लागत नाही. जेवणासोबत एकत्र चालतं. नाहीतर टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. अ‍ॅसिडिटीच्या पांढऱ्या औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे अंतर हवंच. (डिंकाच्या लाडवाचा काही संबंध नाही, खुशाल खा.)

१,०००च्या वर लोड आला तर समुपदेशन, रोजची नियमित गोळी आणि ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हाही वरच राहिला तर औषध बदलण्याचा विचार.

बाळ अंगावर पीत असेल तर मात्र ३ महिने थांबू नका. रिपोर्ट हातात येताच सेंटर गाठा. बाळाची तपासणी आणि प्रतिबंधक औषध तिथेच ठरतं. आपल्या मनाने दूध तोडू नका.