मदत हवी आहे: स्प्रिंग गाईडचं लांब भोक सरळ कसं पाडायचं?

माझी ४.५ मिमीची स्प्रिंग-पिस्टन एअर रायफल बार उडाला की झणझणते. पॉवर वाढवायची नाहीये, फक्त हा आवाज घालवायचाय. मूळ गाईड (स्प्रिंगच्या आत बसून तिला सरळ धरणारी नळी) स्प्रिंगमध्ये सैल बसतो, म्हणून घरच्या मिनी लेथवर डेलरिनचा (एक कडक प्लास्टिक) करतोय (नायलॉन ओलावा शोषून फुगतं, ते मुद्दाम टाळलं). दाबल्यावर स्प्रिंगचा व्यास किंचित वाढतो, तेव्हा मोकळी असताना गाईड थोडा घट्ट बसला तरी चालेल.

अडचण भोकाची. ड्रिल आत जाता जाता बाजूला सरकतं, शिवाय डेलरिन तापतं आणि थंड झाल्यावर भोक लहान भरतं. आधी भोक पाडून मग मँड्रेलवर (भोकात घालून काम धरायचा दांडा) बाहेरून टर्निंग करावं का? की कमी मापाचं ड्रिल मारून रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवावा? भिंत पातळ आहे, टूलखाली दबेल अशी धास्ती वाटते. कुणी केलंय का?