तीन पिढ्यांची समाधानाची पाहणी: आजी-आजोबा सगळ्यालाच ‘बरोबर’ म्हणतात, काय करावं?

प्रश्न (कोथरूड)
ज्येष्ठ नागरिक संघासाठी पाहणी करायची आहे. आजी-आजोबा, मुलं-सुना, १८ च्या पुढची नातवंडं, प्रत्येकी ४०. स्वतःकडे कसं पाहतात आणि समाधानी आहेत का, एवढंच विचारायचंय. दहा जणांवर करून पाहिलं तर ज्येष्ठांनी सरसकट ‘बरोबर’वर खूण केली.

उत्तर १
पहिल्या भागासाठी (स्वतःकडे कसं पाहतात) कुन-मॅकपार्टलंड या समाजशास्त्रज्ञांची १९५४ ची पद्धत घ्या: ‘मी कोण?’ असं विचारून २० ओळी लिहायला द्यायच्या, वेळ १२ मिनिटं. मग प्रत्येक ओळीचं वर्गीकरण: नातं-भूमिका (अमक्याची आजी), गट (वारकरी), स्वभाव (हट्टी), इतर. दोघांनी वेगवेगळं करून ताडून पाहा. टक्केवारी लिहिलेल्या ओळींवर काढा, २० वर नको. आणि ‘मी ___ आहे’ असं छापू नका. ‘मला गाणं लागतंच’ हे त्यात बसत नाही, नुसती नामं-विशेषणं हाती येतात. ‘आम्ही’ दिसलं की लगेच गटात टाकू नका. काही घरांत एकटा माणूसही स्वतःला आम्ही म्हणतो!

उत्तर २
समाधानासाठी मानसशास्त्रज्ञ डीनर यांची १९८५ ची पट्टी (आयुष्याबद्दलचं समाधान मोजणारी प्रश्नावली) वापरत असाल तर त्यात पाच वाक्यं, प्रत्येकी १ ते ७, बेरीज ५ ते ३५, मध्य २०. पाचही वाक्यं होकारी आहेत, म्हणून मान डोलावणाऱ्याची बेरीज आपोआप फुगते. दोन उलट्या अर्थाची वाक्यं मध्ये घाला, म्हणजे सगळ्यालाच ‘बरोबर’ म्हणणारे ओळखू येतील, पण ती बेरजेत धरू नका. सात आकडे एकदम पुढे ठेवू नका. आधी ‘पटतं की नाही?’, मग ‘किती?’. पाचव्या वाक्यात ‘पुन्हा जन्म मिळाला तर’ लिहिलंत तर पुनर्जन्मावर चर्चा सुरू होईल. ‘आयुष्य पहिल्यापासून जगायला मिळालं, तरी फारसं बदलणार नाही’ असं करा. सूनबाई शेजारी बसून वाचून दाखवत असतील तर तो कागद बाद.

उत्तर ३
ज्येष्ठांची बेरीज जास्त आली तरी ‘वयाबरोबर समाधान वाढतं’ असं अहवालात लिहू नका. १९६१ चा पानशेतचा पूर शाळकरी वयात पाहिलेली माणसं आज पंचाहत्तरीत आहेत. फरक वयाचा की त्या पिढीचा, हे एकदाच केलेल्या पाहणीतून सुटं करता येत नाही. शिवाय ‘मी शिस्तीचा आहे’ म्हणताना आजोबा समवयस्कांशी तुलना करतात, नातू मित्रांशी. त्यापेक्षा ‘गेल्या आठवड्यात ठरल्या वेळी किती दिवस उठलात?’ असं विचारा.

प्रश्नकर्ता
गणपतीत घेतलं तर? सगळे घरीच सापडतात.

उत्तर ३
म्हणूनच नको. परदेशातली मुलं आलेली असतात, आकडे चढे येतील. तिन्ही पिढ्या एकाच साध्या पंधरवड्यात उरका.